‘एकाच व्हिसावर केनिया-टांझानिया’च्या नावाखाली गेलेले 58 हजार

ऑगस्ट 2024 मध्ये मी, बायको, ताई आणि दाजी असे चौघं आफ्रिकेला गेलो. आधी केनियातलं मसाई मारा अभयारण्य, मग नैरोबीहून रस्त्याने नमंगाची सीमा ओलांडून टांझानियातलं आरुशा आणि पुढे सेरेंगेटी, असा बेत होता. तिकिटं आणि हॉटेलं आमची आम्हीच बुक केली. फक्त व्हिसाचं काम एका एजंटला दिलं. दाजींच्या फिरायला येणाऱ्या मित्रांपैकी एकाने त्याचा नंबर दिला होता.

“काका, पूर्व आफ्रिकेचा एकच व्हिसा निघतो, दोन्ही देशांत चालतो. माणशी साडेचौदा हजार,” असं तो म्हणाला. असा संयुक्त व्हिसा खरंच आहे, आणि म्हणूनच आम्ही फसलो. त्याची फी 100 डॉलर आहे आणि तो 90 दिवस चालतो. पण तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांचा आहे. टांझानिया त्यात नाही. नकाशावर शेजारी आहे म्हणून आम्ही ते गृहीत धरलं.

पैसे त्याने कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या खात्यावर मागितले. पावती मागितली तर “काम झालं की एकदमच देतो” म्हणाला. मग पिवळ्या तापाच्या लशीचा विषय निघाला. ती लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. केनियाहून परतताना प्रमाणपत्र नसेल तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. त्यावर हा म्हणाला, “सुई टोचायची गरजच नाही, पिवळं पुस्तक शिक्का मारून घरपोच देतो.” ताई भडकली. आम्ही चौघांनी मुंबईला जाऊन रीतसर लस घेतली, पण व्हिसाचं काम त्याच्याकडेच राहू दिलं. लशीचं खोटं प्रमाणपत्र विकणारा माणूस व्हिसाच्या बाबतीत खरं कशाला बोलेल, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

कागद हातात आले ते निघायच्या आदल्या रात्री, मोबाइलवर. वर केनियाचं नाव होतं. मी फोन करून विचारलं, तर “हाच, काका, पुढेही हाच चालतो” असं ठाम उत्तर मिळालं.

नमंगाला दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. केनियाच्या खिडकीवर बाहेर पडण्याचा शिक्का लगेच बसला. टांझानियाच्या अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि शांतपणे सांगितलं की हा केनियाचा ईटीए आहे, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आणि तो इथे चालत नाही. केनियाने जानेवारी 2024 पासून पर्यटकांसाठी व्हिसाच बंद करून हा ईटीए आणला आहे. तेव्हा त्याची सरकारी फी साधारण 30 डॉलर होती. म्हणजे माणशी अडीच हजारांच्या कामाचे त्याने साडेचौदा हजार घेतले होते. भारतीयांना टांझानियाचा व्हिसा सीमेवरही मिळतो, म्हणून आम्ही तरलो. माणशी 50 डॉलर, चौघांचे 200. शिवाय पिवळ्या तापाचं कार्डही तिथे तपासलं. केनियाहून येणाऱ्यांना टांझानियात ते दाखवावंच लागतं. त्या माणसाचं बनावट पुस्तक आमच्या हातात असतं तर काय झालं असतं, या विचाराने बायकोचे हात थरथरत होते.

परतल्यावर अर्ज नीट पाहिले. चारही अर्जांत ईमेल त्याचाच होता. म्हणून फीची पावती, मंजुरीची तारीख, काहीच आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मंजुरी आठ दिवस आधीच आली होती, ती त्याने मुद्दाम दाबून ठेवली. जाब विचारला तर “तो सर्व्हिस चार्ज आहे” म्हणाला, नंतर नंबर ब्लॉक केला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

ईटीएचा अर्ज केनिया सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो. पासपोर्ट, फोटो, तिकीट आणि राहण्याचं बुकिंग एवढंच लागतं. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा, त्याचं संकेतस्थळही वेगळं. एजंटच हवा असेल तर अर्जात ईमेल तुमचा घाला आणि सरकारी फीची पावती पाहिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. मागच्या आठवड्यात दाजींच्या ओळखीच्या एका कुटुंबाला त्याच माणसाने डिसेंबरसाठी हाच ‘एकच व्हिसा’ देऊ केला. या वेळी भाव माणशी सोळा हजार आहे.