हार्ड डिस्क कुणाच्या हातात देण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा फोन आला. "मावशी, मला डॉक्युमेंटरी फेलोशिप मिळाली! आता फक्त साडेतीन हजार रजिस्ट्रेशन भरायचंय." पोरगा खुशीत होता आणि माझ्या पोटात गोळा आला. माझीही सुरुवात बरोबर साडेतीन हजारांपासूनच झाली होती. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. कॅमेरा घेऊन बातमीच्या किंवा माहितीपटाच्या कामात शिरू बघणाऱ्या मुलामुलींनी हे वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनीही.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. फाइन आर्ट्सची फॅकल्टी घरापासून सायकलच्या अंतरावर, पण मी शिकले बी.कॉम. एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करून साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड कॅमेरा घेतला. रविवारी सकाळी मांडवीपासून सुरसागरपर्यंत फोटो काढत फिरायचे. या क्षेत्रातलं ओळखीचं कुणीच नव्हतं. माझ्यासारख्या मुलांना हेरणं किती सोपं असतं, ते आता कळतंय.

ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली. काळा घोडा पुलापाशी पाणी धोक्याची पातळी कधीच ओलांडून 35 फुटांच्याही वर गेलं. सोसायट्यांमध्ये मगरी निघाल्या, वन खात्याची माणसं दोर घेऊन धावत होती आणि कॅमेरे सगळे मगरींच्या मागे होते. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम दहा दिवसांवर. मला आठवण आली ती नदीकडच्या वस्तीत शाडूच्या मूर्ती करणाऱ्या एका काकांची. आमच्या घरचा गणपती त्यांच्याकडूनच येतो.

मी पोहोचले तेव्हा कारखान्यात गुडघाभर पाणी होतं. काका आणि त्यांचा मुलगा मूर्ती माळ्यावर चढवत होते. मी कॅमेरा काढला तसे काका म्हणाले, "आधी हात लाव गं पोरी, मग काढ तुझे फोटो." तासभर आम्ही तिघं मूर्ती उचलत होतो. मग मी शूटिंग सुरू केलं. खालच्या फळीवरच्या मूर्ती वाचल्या नाहीत. कच्ची शाडू पाण्यात कशी जाते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मूर्ती कोसळत नाही. आधी पावलं मऊ होतात, मग ती जागच्या जागी खाली बसत जाते, पोट पसरतं आणि मुकुट सगळ्यात शेवटी पाण्याला टेकतो. काकांनी अशा एका मूर्तीच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि ती पूर्ण बसेपर्यंत काढला नाही. तो शॉट पावणेदोन मिनिटांचा होता. पुढच्या चार महिन्यांत मी त्यांच्याकडे जात राहिले. भावनगरची माती पुन्हा मागवण्यापासून सावकाराच्या दारापर्यंत सगळं शूट केलं. नऊ तासांचं फुटेज, चारशे जीबी. काकांना शब्द दिला होता की फिल्म झाली की पहिल्यांदा तुमच्याच अंगणात पडदा लावून दाखवीन.

पुराचे काही फोटो मी ऑनलाइन टाकले होते. दिवाळीनंतर एक मेसेज आला आणि मग अलकापुरीतल्या ऑफिसात बोलावणं. पन्नाशीचे गृहस्थ, स्वच्छ मराठी, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. "आमचे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते," हे त्यांचं दुसरं की तिसरं वाक्य. बडोद्यातल्या मराठी घरात या वाक्याला केवढं वजन आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे म्हणाले, "ताई, तुमच्यात मला दुसरी होमाई दिसते."

होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. आयुष्याची अखेरची वर्षं त्या आमच्या बडोद्यातच राहिल्या, 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि जानेवारी 2012 मध्ये इथेच गेल्या. त्यांचं नाव ऐकून मी विरघळले. याच होमाईंचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नावाने नाही, नवऱ्याच्या नावाने छापले जात, ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव लागू शकतं, हा धडा माझ्याच शहरात होता आणि त्या दिवशी तो मला आठवला नाही.

पैसे कसे गेले ते सांगते. आधी फेलोशिपचं रजिस्ट्रेशन, 3,500. जानेवारीत 'प्रेस कार्ड आणि मेंटरशिप' म्हणून 18,000. मार्चमध्ये एडिट आणि कलर ग्रेडिंगचे, म्हणजे फिल्मचे रंग नीट करण्याचे, 27,000. एप्रिलमध्ये फेस्टिव्हल सबमिशनचे 15,500. एकूण 64,000. दर वेळी रक्कम अशी की आधीची वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढची भरतो. यूपीआय वेगळ्याच कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. पावती मागितली की "ताई, वर्षअखेरीस एकत्र बिल देतो." मी सीएंच्या ऑफिसात काम करत होते, बिलाशिवाय पैसे द्यायचे नसतात हे दिवसभर लोकांना सांगत होते. तरी दिले, कारण समोरचा माणूस आपला वाटला.

खरं नुकसान मात्र पैशांचं नव्हतं, ते झालं कागदावर. एडिटच्या आधी चार पानांचा इंग्रजी करार समोर आला. "फॉर्मॅलिटी आहे. प्रोड्यूसर म्हणून संस्थेचं नाव राहील, त्याने फेस्टिव्हलमध्ये वजन वाढतं." मला तो मान वाटला. सही केली आणि हार्ड डिस्क त्यांच्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे दोनच मेमरी कार्डं होती, ती मी दर वेळी रिकामी करून वापरायचे. दुसरी डिस्क घ्यायला पैसे नव्हते, कारण पैसे यांनाच भरत होते. म्हणजे त्या फुटेजची जगात एकच प्रत होती आणि ती मी स्वतःच्या हाताने दिली.

पुढे ईमेलवर पानांच्या डहाळीत नाव गुंफलेली 'ऑफिशियल सिलेक्शन'ची चित्रं येऊ लागली, तीन महिन्यांत पाच. आईने एक चित्र प्रिंट करून देवघराशेजारी लावलं. एकाही महोत्सवाला थिएटर नव्हतं, कार्यक्रमपत्रिका नव्हती की परीक्षकांची नावं नव्हती. दर महिन्याला बक्षिसं वाटणारे हे महोत्सव फीवरच चालतात. मुंबईचा मिफ, म्हणजे माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, 1990 पासून भरतो. तिथे फिल्म खरोखर पडद्यावर लागते, कुठली फिल्म कधी आणि कुठे ते आधी छापलं जातं. निवड झाली असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या हॉलमध्ये, किती वाजता?

डोळे उघडले ते सप्टेंबर 2025 मध्ये, विसर्जनाच्या बंदोबस्तात. गळ्यात ते प्रेस कार्ड घालून मी बॅरिकेडच्या आत जायला निघाले. एका पोलीस साहेबांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बेन, आ छापुं क्यां छपाय छे?" हे वर्तमानपत्र छापतं कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारी मान्यता राज्याचं माहिती खातं किंवा केंद्राचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, देतं, आणि तीही नियमात बसणाऱ्या पत्रकारांना. नियतकालिकाची नोंदणी प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे असते, ते नाव वेबसाइटवर कुणालाही शोधता येतं. घरी येऊन शोधलं. माझ्या कार्डावरचं नाव तिथे नव्हतं. अठरा हजारांत मी प्लॅस्टिकचा तुकडा घेतला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कॉलेजच्या मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. एका खाजगी कंपनीची सीएसआर फिल्म, म्हणजे कंपनीने केलेलं समाजकार्य दाखवणारी, पूरग्रस्तांना केलेल्या मदतीची. चाळीसाव्या सेकंदाला काकांचा हात मूर्तीच्या डोक्यावर. खाली इंग्रजी अक्षरं: आमच्या मदतीने पुन्हा उभा राहिलेला कारागीर. शेवटी छायांकन म्हणून त्या गृहस्थांचं नाव. कंपनीला त्यांनी ते फुटेज विकलं होतं.

काकांना त्या कंपनीकडून एक पोतं मातीसुद्धा मिळालेली नाही. त्यांनी व्याजाने पैसे उचलून माती आणली, आणि त्या सावकाराच्या दारात मी त्यांच्याबरोबर कॅमेरा घेऊन उभी होते. माझं नाव गेलं याचं दुःख झालंच. पण माझ्या शॉटने काकांविषयी खोटं बोललं जात होतं, हे सहन होईना. या कामात फोटोइतकीच त्याखालची ओळ महत्त्वाची असते. मूळ फुटेज एकदा हातातून गेलं की त्याखाली कोण काय लिहील यावर आपलं काही चालत नाही.

वकीलबाईंनी करार वाचून जे समजावलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. फोटोचा कर्ता तो काढणारा, पण फिल्मचा कर्ता कायद्याच्या दृष्टीने निर्माता. म्हणजे 'प्रोड्यूसर म्हणून आमचं नाव' हीच खरी मागणी होती. कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनेच देता येतात. किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांपुरते आणि भारतापुरते धरले जातात. माझ्या कागदावर 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मोबदल्याच्या जागी शून्य.

वाट निघाली ती फोटोंमुळे. करारात फक्त फिल्म आणि रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ फुटेज, होते, माझे फोटो नव्हते. त्या सीएसआर फिल्ममध्ये मात्र माझे दोन फोटोही वापरले होते आणि त्यांच्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल, माझ्या लॅपटॉपवर होत्या. रॉ फाइलमध्ये तारीख, वेळ, लेन्स, पुष्कळदा कॅमेऱ्याचा सीरियल नंबरही असतो. मोठ्या स्पर्धाही, अगदी वर्ल्ड प्रेस फोटोसुद्धा, शेवटच्या टप्प्यात खात्रीसाठी मूळ फाइल मागतात, त्या याच कारणाने. या आधारावर कंपनीला नोटीस गेली. कलम 57 खाली आपल्या कामावर आपलं नाव असण्याचा हक्क विकल्यानंतरही राहतो, तेही त्यात होतं. कंपनीच्या लोकांनाही या माणसाने फसवलं होतं. तीन आठवड्यांत त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. गृहस्थांचं अलकापुरीतलं ऑफिस तोवर रिकामं झालं होतं. पोलिसांत अर्ज दिला आहे, चौकशी चालू आहे. चौसष्ट हजारांतला रुपया परत आला नाही, हार्ड डिस्कही नाही. 1930 या सायबर हेल्पलाइनवर मी फोन केला तो सहा महिन्यांनी. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत केला तर बँकेत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून लाजेने गप्प बसू नका. मी लाजेपायी बसले.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: ज्याला तुझं काम हवं आहे तो तुला पैसे देतो, थोडे का होईना. इथल्या दैनिकांना स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेले, कामापुरते पैसे घेणारे बातमीदार-फोटोग्राफर, लागतात. फोटोमागे मिळतं ते फारच थोडं, पण ते तुझ्याकडे येतं आणि फोटोखाली तुझं नाव छापून येतं. शिकायला फी भरायची तर भर. पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एफटीआयआयचे, छोटे अभ्यासक्रमही असतात, तिथे फी आधी जाहीर असते आणि पावती मिळते. करार मराठीत किंवा गुजरातीत समजावून घेतल्याशिवाय सही करायची नाही. एडिटरला प्रत द्यायची, मूळ नाही. प्रती तीन, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. माझी आता रावपुऱ्यात आत्याकडे असते, तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली.

काकांना सांगायला जायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी गेले आणि सगळं सांगितलं: फिल्म होणार नाही, तुमचा चेहरा कुठे वापरला गेला, तो कसा काढून टाकायला लावला. ते हातातलं सोंडेचं काम न थांबवता ऐकत होते. मग विचारलं, "त्यात माझं नाव होतं का?" नव्हतं, म्हटलं. "मग बरं झालं," म्हणाले. थोड्या वेळाने हात धुता धुता म्हणाले, "मंगळवारी भावनगरची माती येतेय. यायचं असेल तर सकाळी लवकर ये, ट्रक आठच्या आत रिकामा करावा लागतो."