नाशिकमध्ये अंगरखा शिकताना : एका शिवणवर्गाचा अभिप्राय

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा किंवा शिवजयंतीची मिरवणूक जवळ आली की नाशिकच्या भाड्याच्या दुकानांत साटीनचे चकचकीत अंगरखे टांगलेले दिसतात. त्यांच्या पाठीला चेन असते, बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, केवळ शोभेपुरते टाचलेले असतात आणि हात वर केला की सगळे वस्त्र वर ओढले जाते. याहून बरे काही स्वतः शिवावे, अशी हौस असणाऱ्यांसाठी गंगापूर रोडलगत एका घरगुती वर्गात जुन्या मराठी पोशाखांची शिलाई शिकवली जाते. तेथे मी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा आखूड सदरा, आणि अंगरखा शिवायला शिकलो.

या वर्गाचे खरे बळ कापणीत आहे. हातमागाच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असे आणि कापड वाया घालवणे परवडण्यासारखे नसे. म्हणून जुनी वस्त्रे बहुतांशी सरळ पट्ट्या आणि तिरक्या कळ्या जोडून बेतली जात, हे शिक्षिका खडू हातात घेऊन कापडावरच समजावतात. एका आयताचे तिरपे दोन तुकडे करून ते उलटसुलट ठेवले की घेरासाठी दोन कळ्या मिळतात आणि चिंधी जवळपास उरत नाही. आजच्या शर्टाचा कागदी नमुना ठेवून अंगरखा का साधत नाही, याचा उलगडा तेथेच होतो.

सर्वांत कस लागतो तो चौबगल्यात. काखेत बसणारा हा चौकोनी तुकडा बाही आणि बगल (अंगाच्या बाजूची पट्टी) यांच्या सांध्यात कोनावर फिरवून लावायचा असतो. टीप कोपऱ्याच्या दोराभर अलीकडे थांबली तर भोक राहते, पुढे गेली तर चुणी पडते. तो नीट बसला की हात खुशाल वर करावा, अंगरखा कमरेला जागचा हलत नाही. पहिला नमुना मांजरपाटावर, म्हणजे साध्या जाड सुती कापडावर, करून घेतात आणि कापड आधी धुऊन, आटवून आणायला सांगतात, हे योग्यच आहे. येवल्याचे रेशीम हाताशी असले तरी पहिल्या अंगरख्याला ते घेण्याचा मोह आवरावा.

संपूर्ण शिलाई हातानेच व्हावी, हा शिक्षिकांचा आग्रह मात्र मला थोडा जाचक वाटला. इतिहास त्यांच्या बाजूने आहे, कारण एलियास हाऊ यांना शिलाई यंत्राचे अमेरिकी पेटंट मिळाले ते १८४६ साली, तर पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. तरीही हौशी माणसाने आतल्या लांब शिवणी यंत्रावर मारून गोट (काठाला लावायची पट्टी), बंद आणि दिसणाऱ्या कडा तेवढ्या हाताने केल्या, तर बिघडत काही नाही. (अरुंद बंद शिवून उलटवण्यातच बोटे पुरेशी दुखतात.) बाराबंदीपासून सुरुवात करून देतात, ते मात्र मला पटले, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आजही पांढरी बाराबंदी घातली जात असल्याने तिची ठेवण प्रत्यक्ष पाहता येते.

शुल्कात कापड धरलेले नाही, जागा अपुरी आहे आणि पगडी शिकवली जात नाही. चोळीची कापणीही ओझरतीच होते. तेवढ्याचसाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी तसे स्पष्ट विचारून घ्यावे.