मोनोचे स्टिरिओ करणारे सॉफ्टवेअर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी त्यांच्याच संग्रहातील 78 गतीच्या ध्वनिमुद्रिका सर्वांना ऐकवायच्या, असे आम्ही ठरवले होते. मूळ तबकड्या आता वारंवार वाजवण्याजोग्या राहिलेल्या नाहीत. त्यामुळे मी त्या संगणकावर उतरवून, या सॉफ्टवेअरमधून स्टिरिओ करून घेतल्या होत्या आणि सोसायटीच्या सभागृहातील ध्वनिक्षेपकावर लावल्या. तिसरी तबकडी सुरू असताना वडिलांचे एक जुने तबलजी मित्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अरे, बुवा षड्जावर आले की आवाज आतून पोकळ का होतोय? पंचमावर तर चांगला भरलेला आहे." हेच गाणे मी घरी हेडफोनवर कितीतरी वेळा ऐकले होते आणि तिथे षड्ज अगदी जागेवर होता.

घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळले की सभागृहातील जोडणी मोनो आहे, म्हणजे डावी आणि उजवी बाजू एकत्र होऊनच आवाज बाहेर पडतो. या सॉफ्टवेअरची मुख्य सुविधा, जिला ते 'रुंदी' म्हणतात, मूळ आवाज एका बाजूला तसाच ठेवते आणि दुसऱ्या बाजूला तोच आवाज 18 मिलिसेकंद उशिरा सोडते. इतक्या थोड्या अंतराने आलेला दुसरा आवाज कानाला प्रतिध्वनी म्हणून वेगळा जाणवत नाही, हे जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी 1949 मध्येच दाखवून दिले होते. हेडफोनवर त्यामुळे खोली मोठी झाल्यासारखी वाटते. परंतु या दोन बाजूंची बेरीज झाली की गणित उलटते. आमच्या बुवांचा षड्ज काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी), म्हणजे सुमारे 138.6 हर्ट्झचा. 18 मिलिसेकंदांत त्याची जवळजवळ बरोबर अडीच कंपने होतात, म्हणून एका बाजूची लाट वर असते तेव्हा दुसरीची खाली असते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. तिप्पट आणि पाचपट कंपनांचे उपस्वरही असेच जातात, दुप्पट आणि चौपट कंपनांचे तेवढे उरतात. पंचमाला हा फटका तितका बसत नाही. त्या तबलजी काकांच्या कानाने जे ओळखले ते इतके नेमके होते.

वर्षाला 4,800 रुपये भरून घेतलेल्या वस्तूत ही गोष्ट ग्राहकाला कुठेही सांगितलेली नसावी, याचा मला मनापासून राग आला. मी कंपनीला तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा "कृपया स्टिरिओ स्पीकर वापरावा" एवढेच उत्तर आले. एकच स्पीकर असलेले ब्लूटूथचे डबे, मंदिरातले कर्णे, सभागृहे, स्वयंपाकघरातला रेडिओ ही आपल्याकडे गाणे ऐकण्याची रोजची ठिकाणे आहेत आणि ती मोनोच असतात. रूपांतर करण्याआधी निकाल मोनोमध्ये ऐकवणारे एक बटण पुरेसे झाले असते.

हा दोष काही नवा नाही. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीने 1961 पासून 'ड्युओफोनिक' नावाने जुनी मोनो मुद्रणे अशाच रीतीने विकली : एका बाजूचा खर्ज कमी, दुसऱ्या बाजूचे उंच स्वर कमी आणि मध्ये थोडा उशीर. आपल्याकडे झंकार बीट्सच्या कॅसेटींनी त्याहून पुढे जाऊन मूळ गाण्यावर नवा ठेकाच चढवला.

येथपर्यंतचे मत मी दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवले होते. त्यानंतर एक गोष्ट सापडली आणि माझे मत बरेच बदलले. प्रगत सेटिंगच्या अगदी तळाशी 'पूरक' नावाचा पर्याय आहे. तो उशिराचा आवाज एका बाजूला मिळवतो आणि दुसऱ्या बाजूतून वजा करतो. डेन्मार्कच्या रेडिओवरील लॉरिड्सन यांची ही युक्ती 1950 च्या दशकातील आहे आणि ध्वनिशास्त्रज्ञ मॅन्फ्रेड श्रोडर यांनी 1958 मध्ये तिच्यावर लिहिले होते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की मिळवलेले आणि वजा केलेले एकमेकांना छेद देते आणि मूळ मोनो जसेच्या तसे हाती येते. तीच तबकडी या पर्यायातून काढून एका स्पीकरवर लावली, तेव्हा षड्ज पूर्ववत भरीव होता. हेडफोनवर मात्र आवाज किंचित धूसर होतो, त्यामुळे त्याचे प्रमाण मी 30 टक्क्यांवर ठेवतो. इतकी चांगली सोय तळाशी दडवून सदोष सुविधा पहिल्या पानावर का ठेवावी, हे मला आजही उमगलेले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने वाद्ये वेगळी करून त्यांना डावी-उजवीकडे बसवण्याची सोय आमच्या संगीताला उपयोगाची नाही. तिचे चार कप्पे आहेत : गायन, ड्रम्स, बेस आणि इतर. तबल्याची चाट ड्रम्समध्ये जाते, डग्ग्याची घसीट बेसमध्ये जाते, आणि एकाच माणसाचे दोन हात खोलीच्या दोन टोकांना ऐकू येतात. सारंगी तर गळ्याला इतकी चिकटते की मध्येच गायनाच्या कप्प्यात शिरते.

ज्यांना हे वापरायचे आहे त्यांनी एक काळजी आवर्जून घ्यावी. तबकडी स्टिरिओ पिकअपने (सुईची हालचाल दोन बाजूंत टिपणाऱ्या भागाने) उतरवली असेल, तर आधी दोन्ही बाजू एकत्र करून शुद्ध मोनो करावे. 78 च्या बहुतेक तबकड्यांत संगीत फक्त सुईच्या आडव्या हालचालीत असते, उभ्या हालचालीत खरखरीशिवाय काही नसते आणि बेरजेत ती बरीचशी निघून जाते. हे न करता थेट 'रुंदी' लावली की ती खरखर दोन्ही कानांच्या भोवती पसरते. माझ्या पहिल्या चाळीस फायली अशाच बिघडल्या आणि त्या मला पुन्हा कराव्या लागल्या.

सध्या मूळ मोनो प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून, फक्त हेडफोनवर ऐकण्यासाठी 'पूरक' प्रत काढतो. वर्गणीची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते. मोनो तपासणीचे बटण तोपर्यंत आले नाही, तर मी नूतनीकरण करणार नाही.