जिभेखालचे थेंब की दंडातली इंजेक्शनं?

पावसाळ्यात मुंबईतल्या घरांच्या भिंतींना ओल धरते, गाद्या दमट राहतात आणि धुळीतल्या माइट्सचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांचं, फावतं. सकाळी उठताच शिंकांची माळ, चोंदलेलं नाक, मग सेट्रिझिन. गोळीने तो दिवस निभतो, ॲलर्जी जात नाही. इम्युनोथेरपीत तोच त्रासदायक पदार्थ ठरलेल्या मात्रेत वारंवार देऊन शरीराला त्याची सवय लावतात. हा मार्ग थेंबांचा असो वा इंजेक्शनचा, किमान तीन वर्षं लागतात.

इंजेक्शनचा अनुभव जुना, 1911 पासूनचा. सुरुवातीचे काही महिने साधारण दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा. दर वेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात थांबावंच लागतं, कारण क्वचित का होईना, जिवावर बेतणारी रिॲक्शन येऊ शकते. विरारहून दादरला नोकरीला येणाऱ्याने हा वेळ कुठून काढायचा, हे आधीच ठरवलेलं बरं.

थेंबांचा पहिला डोस डॉक्टरांसमोर, पुढचे घरी. जिभेखाली एक-दोन मिनिटं धरून गिळायचे. तोंडात खाज, ओठांना किंचित सूज हे सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा आपोआप ओसरतं. गंभीर रिॲक्शन इंजेक्शनपेक्षा बरीच कमी. सुईला घाबरणाऱ्या मुलांसाठी तर मी आधी थेंबांचाच विचार करेन. पण दात काढला असेल किंवा तोंड आलं असेल तर थेंब काही दिवस थांबवावे लागतात.

थेंबांची खरी अडचण आहे ती रोजच्या नेमाची. बरं वाटायला लागलं की बाटली फ्रिजच्या दारात तशीच राहते आणि उपचार अर्धवट सुटतो. ज्यांची बीपीची गोळीही आठवड्यातून दोनदा चुकते, त्यांनी महिन्याचं इंजेक्शन घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

दमा आटोक्यात नसेल तर दोन्ही नकोत. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत. बीटा ब्लॉकर (बीपी किंवा हृदयविकारासाठी देतात त्या गोळ्यांचा एक प्रकार) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

उपचार सुरू करण्याआधी स्किन प्रिक टेस्ट (त्वचेला हलकंसं टोचून कशाची ॲलर्जी आहे ते पाहणारी चाचणी) हवी, आणि तिचा निकाल तुमच्या त्रासाशी जुळायला हवा. रिपोर्टमधल्या प्रत्येक पॉझिटिव्ह नावासाठी थेंब बनवून देत असतील, तर दुसऱ्या ॲलर्जीतज्ज्ञाचं मत घ्या. खर्चही महिन्याचा नको, तीन वर्षांचा विचारा. वर्षभर नीट घेऊनही काडीचा फरक पडला नाही, तर पुढे चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला.