हेल्मेटमधला मेश इंटरकॉम: ७ महिने वापरून आणि युटा-कोलोरॅडोची ग्रुप राइड करून झाल्यावर

चालत्या बाइकवरून ग्रुपमधल्या सगळ्यांशी बोलता यावं म्हणून मार्चमध्ये घेतलेला सेट, आता ऑक्टोबर संपत आलाय, साधारण साडेपाच हजार मैल झाले असतील, त्यात सप्टेंबरच्या शेवटी केलेली सहा दिवसांची ग्रुप राइड पण आली, सात बाइक, सात माणसं, सुमारे हजार मैल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणार आहे, आणि तसंही आता चांगल्या मेश सेटमध्ये उन्नीस-बीसचाच फरक राहिलाय. एका सेटला साडेतीनशे डॉलरच्या आसपास गेले, सात जणांचा हिशोब केला तर रक्कम मोठी होते, म्हणून घ्यावा का नको असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. मी ग्रुपमध्ये लीडला म्हणजे सगळ्यात पुढे असतो. आधीच्या राइड्समध्ये मागे कोण दमलंय, कोणाचा हात भरून आलाय, कोणाला वळणांची भीती वाटतेय हे मला गॅस स्टेशनवर म्हणजे पेट्रोल पंपावर उतरल्यावर कळायचं, ते पण चेहरा बघून, आणि तोपर्यंत त्या माणसाने चाळीस-पन्नास मैल दात-ओठ खाऊन काढलेले असायचे. आता ते तिथल्या तिथे कळतं. गाणी, जीपीएसचा आवाज, फोन हे सगळं मला एकट्याच्या साध्या सेटवर पण मिळत होतं. शेवटच्या माणसाचा आवाज पहिल्या माणसापर्यंत पोचणं ही नवीन गोष्ट आहे आणि त्यासाठी पैसे गेले त्याचं मला अजिबात दुःख नाही.

जुन्या ब्लूटूथवाल्या सेटमध्ये साखळी असायची, पहिला दुसऱ्याला जोडलेला, दुसरा तिसऱ्याला, आणि मधला एक जण सिग्नलला अडकला की मागचे सगळे गेले, मग परत जोडाजोडी. मेशमध्ये प्रत्येक सेट दुसऱ्याचा आवाज पुढे ढकलतो, एक बाहेर पडला तर बाकीचे आपापसात बोलत राहतात आणि तो रेंजमध्ये आला की आपोआप जोडला जातो. सात महिन्यांत हे खरंच तसं चाललं, फक्त एकदा नाही चाललं, ते पुढे सांगतो.

रेंज कागदावर एक मैल दिलीये. मॉन्युमेंट व्हॅलीच्या जवळ १६३ नंबरचा तो सरळसोट रस्ता आहे तिथे जवळपास तेवढी मिळाली. पण पहिल्याच दिवशी ग्रँड जंक्शनहून निघून आम्ही मोआबला १२८ नंबरने गेलो, कोलोरॅडो नदीला चिकटून जाणारा ४४ मैलांचा रस्ता, दोन्हीकडे लाल कड्यांच्या भिंती, आणि तिथे पुढची बाइक वळणाआड गेली की शे-दोनशे यार्डांतच खरखर सुरू. दगडातून सिग्नल जात नाही, साधी गोष्ट आहे. म्हणून कड्यांमधून जाताना मधल्या बाइक मध्येच राहिल्या पाहिजेत, एकाने उगाच अंतर सोडलं की पुढचे तीन आणि मागचे तीन वेगळे पडतात. आम्ही दुसऱ्या दिवसापासून क्रमच ठरवून टाकला आणि मध्ये माझ्या मेव्हण्याला ठेवलं, त्याचा वेग कायम एकसारखा असतो.

आता प्लॅनिंगकडे येतो कारण ज्या राइडसाठी हे सगळं घेतलं ती राइड आखायला मला चार महिने लागले. रूट असा होता: ग्रँड जंक्शन, मोआब, ग्रीन रिव्हर, हँक्सव्हिल, टोरी, मग युटाचा १२ नंबर पूर्ण, तिथून कनाबवरून पेज, केयेंटा, मॉन्युमेंट व्हॅली, ब्लफ, कॉर्टेझ, डुरँगो, सिल्व्हर्टन, उरे आणि परत. सप्टेंबरचा शेवट धरला कारण जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे दुपारची वादळं येतात, कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतात, आणि त्याच्या आधी उन्हाने जॅकेटमध्ये माणूस भाजून निघतो. शिवाय सप्टेंबरच्या शेवटी वरच्या भागात ॲस्पेनची झाडं पिवळी होतात. बोल्डर माउंटनवर हा १२ नंबरचा रस्ता साडेनऊ हजार फुटांच्या वर जातो आणि तिथे दोन्ही बाजूंना ती पिवळी पानं उन्हात अशी लकाकत होती की दहा मिनिटं माईकवर कोणी एक शब्द बोललं नाही.

गॅसचा हिशोब सगळ्यात लहान टाकीवर करायचा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. आमच्यात एक क्रूझर होती ३.३ गॅलनची टाकी असलेली, ती सव्वाशे मैलांनंतर धोक्यात येते, म्हणजे बाकी सहा जणांच्या टाक्या कितीही मोठ्या असल्या तरी ग्रुपची टाकी तेवढीच. शंभर मैलांच्या आत थांबायचं म्हणजे थांबायचं. हँक्सव्हिलला गॅस स्टेशनचं दुकानच डोंगर कोरून आत बसवलंय, तिथे सगळ्यांनी गरज नसताना पण टाक्या भरल्या. आणि तिकडे उंचीवरच्या गावांत सगळ्यात स्वस्त नळीवर ८५ ऑक्टेनचं, म्हणजे खालच्या प्रतीचं पेट्रोल असतं, आपल्या नेहमीच्या सवयीने डावीकडची नळी उचलायची नाही, बऱ्याच बाइकना ९१ लागतं, एकदा मॅन्युअल उघडून बघा.

दुसरी गोष्ट दिशा. आमच्यातल्या वहिनी स्वतः बाइक चालवतात, छान चालवतात, पण उंचीची भीती आहे आणि ती त्यांनी पहिल्याच मीटिंगला मोकळेपणाने सांगितली. सिल्व्हर्टन ते उरे हा मिलियन डॉलर हायवेचा तुकडा, साधारण २५ मैल, रेड माउंटन पास ११,००० फुटांच्या वर, आणि बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही. उरेहून खाली दक्षिणेला आलात तर तुम्ही दरीच्या बाजूच्या लेनमध्ये असता, सिल्व्हर्टनहून वर उत्तरेला गेलात तर डोंगराच्या बाजूला. फक्त ह्या एका कारणासाठी मी अख्खा लूप उलटा फिरवला. नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात, चालवताना जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण १२ नंबरवरच्या हॉगबॅकला असा काही उपाय नाही. बोल्डर गाव सोडल्यावर एस्कलान्टेकडे जाताना रस्ता एका अरुंद धारेवरून जातो, दोन्हीकडे जमीन खाली निघून गेलेली. मी माईकवर सांगितलं, पुढे हॉगबॅक आहे, वारा असेल, तीसच्या खाली या. कोणी काही बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, एकाच माणसाचा, भराभर. माईकचा स्पंज ओठांना अगदी चिकटलेला असला आणि वेग कमी असला की श्वास पण पलीकडे जातो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी विचारणार तेवढ्यात मागून आमचे काका बोलले, ते साठीचे आहेत, कायम स्वीपला म्हणजे शेवटी असतात. "पोरी, दरीकडे बघू नकोस. रस्ता जिथे वळतोय ना तिथे बघ. नजर जिथे, बाइक तिथे." मग मी प्रत्येक वळण सांगत गेलो, आता डावं, मोठं आहे, आता सरळ, आता उजवं, आणि काका मध्ये मध्ये नुसतं "छान, छान चाललीयेस" म्हणत राहिले. थोड्या वेळाने वहिनींचा आवाज आला, "झालं का?" मी म्हटलं झालं. पुढे खाली जागा मिळाल्यावर थांबलो, वहिनींनी ग्लोव्हज काढले तर तळहात पांढरे पडले होते इतकं हँडल आवळून धरलेलं. हा सेट नसता तर त्या एकट्याच असत्या त्या दोन-तीन मैलांत, सहा बाइक आजूबाजूला असून.

बडबडीचं काय, असं बरेच जण विचारतात. पहिल्या महिन्यात आमच्याकडे पण भयंकर बडबड झाली, सातही माईक उघडे आणि प्रत्येकाला काहीतरी दाखवायचंय. मग नियम केला, वळणांत फक्त लीड आणि स्वीप बोलणार, ते पण एक-दोन शब्द. "खडी." "गाय." "गाय" हा शब्द तिकडे खरंच लागतो, बोल्डर माउंटनवर गुरं मोकळी चरतात आणि रस्त्यात उभी असतात. "जाळी" म्हणजे गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे टाकलेले लोखंडी बार, ते सरळच ओलांडायचे, कललेल्या बाइकने नाही, ओले असले तर आणखी जपून. आणि "टार", रस्त्याच्या भेगा बुजवायला डांबराच्या ज्या वळवळत्या पट्ट्या ओढतात त्या उन्हात मऊ होऊन टायर सरकवतात. हातांच्या खुणा मात्र सोडल्या नाहीत, सगळ्या चालू ठेवल्या, आणि ते बरंच झालं.

कारण चौथ्या दिवशी केयेंटाच्या आधी एकाचा सेट पूर्ण गप्प झाला. बॅटरी असेल म्हणून पॉवर बँक लावली, चालू झाला, पण मेशमध्ये येईना. रात्री मोटेलच्या वायफायवर कळलं की सहा जणांनी निघायच्या आधी सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं आणि ह्याने नव्हतं केलं. अपडेट झाल्यावर सुतासारखा सरळ. पण त्या दिवशीचे बाकीचे मैल तो खुणांवर चालला. त्यामुळे आता निघायच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांचं व्हर्जन मी स्वतः विचारून घेतो.

त्याच भागात घड्याळाचा पण घोळ झाला. ॲरिझोनात उन्हाळ्यात बाकी बहुतेक राज्यांसारखी घड्याळं तासभर पुढे करत नाहीत, त्यामुळे पेज युटापेक्षा एक तास मागे असतं, पण नावाहो नेशनमध्ये, म्हणजे नावाहो आदिवासींच्या स्वायत्त भागात, पुढे करतात, म्हणजे पेजहून केयेंटाला जाताना त्याच राज्यात राहून एक तास पुढे. माझ्या शीटमध्ये पोचण्याची वेळ तासाने चुकली होती आणि मॉन्युमेंट व्हॅलीतली जीप टूर अगदी थोडक्यात मिळाली. जीप का, तर आतल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर मोटरसायकल न्यायला परवानगीच नाही. आणि नावाहो नेशनमध्ये दारूबंदी आहे, हे पण ग्रुपला आधीच सांगून ठेवा, त्यांची जमीन, त्यांचे नियम, आपण पाहुणे.

सेटच्या टिकाऊपणाबद्दल. बॅटरी १३ तास लिहिलीये, सतत बोलणं असेल तर मला नऊ-साडेनऊ मिळतात, सात महिन्यांनी पण त्यात फारसा फरक नाही. पावसात दोनदा पूर्ण भिजलाय, काही झालं नाही. आवाज कमी येतो असं वाटलं तर सेटला दोष द्यायच्या आधी स्पीकर कानाच्या बरोबर समोर आहे का बघा, माझा एक सेंटिमीटर खाली बसला होता आणि मी दोन महिने आवाज फुल करून कान दुखवून घेतले. वहिनींनी सुचवलं की फोमचे इअरप्लग घालून बघा, मला पटेना, पण घातल्यावर वाऱ्याचा घोंगाट गेला आणि बोलणं उलट जास्त स्पष्ट झालं. फिरवायचं बटण जाड ग्लोव्हजमधून डाव्या हाताने सहज सापडतं, ही साधी गोष्ट डिझाइन करणाऱ्याने खूप नीट केलीये.

वाईट भाग. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण जूनमध्ये फाटलं, आता टेप लावलीये. माईकचा स्पंज दोनदा बदलला. मेव्हण्याच्या सेटचा एक स्पीकर दीड महिन्यात गेला, वॉरंटीत बदलून मिळाला पण त्याला पाच आठवडे लागले आणि प्रत्येक ईमेलला नवीन माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा, राइड तोंडावर असताना हे फार त्रासदायक होतं. आणि दुसऱ्या कंपनीच्या सेटबरोबर ब्लूटूथने जुळतो म्हणतात तो जुळतो, पण मे महिन्यात करून बघितलं तेव्हा मधेच तुटत होता, तेवढ्यासाठी त्या मित्राला तोच सेट घ्यावा लागला.

आणि कृपा करून ह्याला इमर्जन्सीचं साधन समजू नका. १२ नंबरवर कितीतरी मैल मोबाइलला रेंज नसते, इंटरकॉम फक्त आपल्याच माणसांपर्यंत पोचतो. आम्ही दोन सॅटेलाइट मेसेंजर घेतले होते, एक माझ्याकडे, एक काकांकडे, म्हणजे एक पुढे एक मागे. नकाशे सगळ्यांनी फोनमध्ये उतरवून घेतले होते आणि तरी टँक बॅगवर प्रत्येकाच्या त्या दिवसाच्या गावांची कागदी चिठ्ठी होती, कारण सात फोन सात वेगवेगळे रस्ते सुचवतात.

येत्या मे महिन्यात हँक्सव्हिल ते ब्लँडिंग, ९५ नंबर, करायचं चाललंय. तिथे सव्वाशे मैलांच्या आसपास गॅसचा भरवसा नाही, त्यामुळे त्या ३.३ गॅलनवाल्या क्रूझरसाठी जास्तीचा कॅन कोणाच्या बाइकवर बांधायचा हे अजून ठरायचंय. वहिनींनी लीडला यायचं म्हटलंय. मी हो म्हटलं, मी मध्ये राहीन, मेव्हण्याच्या जागी.