लेझर मीटर : इंटिरियरला उत्तम, लँडस्केपला अपुरा

लेझर किरणाने अंतर मोजणारे हातात मावणारे यंत्र, म्हणजे 50 मीटर पल्ल्याचा, सुमारे 2 मिलिमीटर अचूकतेचा लेझर मीटर, आर्किटेक्चरच्या प्रत्येक शाखेला सारखा उपयोगी पडत नाही.

इंटिरियर करणाऱ्याने तो डोळे मिटून विकत घ्यावा. किचनची भिंत तीन उंचींवर मोजा: जमिनीलगत, ओट्याजवळ साधारण 850 मिलिमीटरवर आणि लिंटेलखाली (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखाली). प्लास्टर कुठेच सरळ नसते, म्हणून कॅबिनेटसाठी सर्वांत लहान माप धरा. मग कर्ण घ्या. 3000 बाय 4000 मिलिमीटरच्या खोलीत कर्ण 5000 यायला हवा. 5020 आला तर कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, आणि काटकोनात कापलेला ग्रॅनाइट बसवताना भिंतीशी फट राहणारच. सर्वाधिक घोळ मोजण्याच्या कडेचा होतो: यंत्र पुढच्या कडेपासून मोजायला सेट असताना मागची कड भिंतीला टेकवली, की यंत्राच्या लांबीएवढी चूक. काच आणि चकचकीत काळ्या लॅमिनेटवर पांढरा कागद धरा.

वारसा-जतनाच्या कामात, वाड्याच्या उंच तुळयांसाठी हे यंत्र शिडी वाचवते. मात्र तिरकी आणि आडवी मापे घेऊन यंत्राने पायथागोरसवरून काढलेल्या उंचीवर विसंबू नका, हात जरा हलला तरी फरक वाढतो. ट्रायपॉड लावाच. भिंतीचा कल पाहायला ओळंब्याला पर्याय नाही.

लँडस्केपवाल्यांनी पैसे जपून ठेवावेत. भर उन्हात लाल ठिपका दिसतच नाही आणि जमिनीचे चढउतार हे यंत्र सांगत नाही. तिथे टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे सर्व्हेचे यंत्र) भाड्याने आणावे.