टॅबमधला डेस्कटॉप मोड हवाच, पण त्याचं बटण माझ्या हातात हवं

आधी तक्रार, मग कौतुक. तक्रार आधी, कारण टॅब घेण्यापूर्वी ढीगभर रिव्ह्यू पाहिले आणि त्यांतल्या एकानेही ही गोष्ट सांगितली नव्हती. कीबोर्डचं कव्हर टॅबला जिथे चिकटतं तिथे तीन बारीक सोनेरी टिकल्या असतात, टॅब नि कीबोर्ड त्यांतूनच जोडले जातात. समुद्रकाठच्या हवेत त्या हिरव्या पडतात. एकदा हिरव्या पडल्या की कव्हर लावलेलं असूनही टॅब मध्येच 'कीबोर्ड काढला' असं धरून चालतो, डेस्कटॉप मोडमधून, म्हणजे कॉम्प्युटरसारख्या अनेक विंडोंच्या स्क्रीनमधून, बाहेर पडतो, उघडलेल्या सगळ्या विंडो मिटवतो आणि मोठमोठ्या आयकॉनचा साधा स्क्रीन समोर आणून ठेवतो. कव्हर जरा दाबलं की परत डेस्कटॉप. टाइप करायला घेतलं की परत साधा. या उड्यांमध्ये लिहीत असलेली ओळ जाते, आणि ती ओळ म्हणजे कुणाच्या तरी आंब्याच्या पेटीचा पत्ता असतो.

टॅब ११ इंची, अँड्रॉइडचा, ८ जीबी रॅम, सिम घालता येणारा. कीबोर्ड कव्हर वेगळं विकत घ्यायचं, साडेनऊ हजारांना. बाकीचे आकडे उगाळत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वॉरंटीचा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय मला बोलायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. टॅबमध्ये कॉम्प्युटरसारखा डेस्कटॉप असावा की नसावा, हा माझा विषय आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चार खोल्यांचा होमस्टे, हापूसची कलमं, थोडी सुपारी, आणि उन्हाळ्यात कोकमाचं आगळ नि फणसपोळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या बागाही आडव्या करून गेलं. आमची कौलं उडाली, त्या पावसात जुना कॉम्प्युटर भिजून गेला. वाडीत वीज यायला इतके दिवस लागले की पुन्हा तारेवर चालणारं मशीन घ्यायचं नाही हे तेव्हाच ठरलं. लॅपटॉपचा विचार केला, पण चांगला घ्यायचा तर किंमत दुप्पट, वर सिम नाही. वीज गेली की वायफायही जातं. बागेत उभं राहून ई-पीक पाहणीचा, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीचा, फोटो काढायला तर लॅपटॉप नेताच येत नाही. म्हणून टॅब घेतला, आणि डेस्कटॉप मोड आहे म्हणूनच हा टॅब घेतला.

एप्रिल-मे मध्ये त्याने जे काम दिलं ते मी विसरणार नाही. रात्री जेवणं आटोपली की मी ऑर्डरी उतरवून घेते. पुण्याच्या एका ताईंचा मेसेज असा असतो: 'चार पेट्या पाच डझनी, त्यातली एक बहिणीकडे कोथरूडला, बाकीच्या आमच्याकडे, पैसे मिस्टरांच्या नंबरवरून टाकलेत.' डावीकडे व्हॉट्सअॅप, उजवीकडे ऑर्डरींचा तक्ता, खाली कोपऱ्यात बँकेचं स्टेटमेंट. पत्ता उचलला, तक्त्यात टाकला, मिस्टरांच्या नावाने रक्कम आली का ते खाली पाहिलं, पुढची ऑर्डर. फोनवर हेच करायचं तर पत्ता कॉपी करून तक्ता उघडेपर्यंत दुसरा मेसेज येतो, त्याला उत्तर देताना कॉपी केलेलं पुसलं जातं, आणि बहिणीची पेटी ताईंकडे जाते. पिकत आलेला आंबा परत बोलावता येत नाही.

साध्या टच मोडमध्येही स्क्रीन दुभागता येतो, हे मला माहीत आहे. दोन अॅप शेजारी शेजारी बसतात. पण कामाला तीन लागतात. वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, येते तेव्हाही तेच. एका विंडोत पट्टीचा फोटो, एकीत आम्ही पाठवलेल्या पेट्यांची नोंद, एकीत कॅलक्युलेटर. हमाली नि भाडं वजा जाऊन डझनाला काय पडलं हे त्याच बैठकीत कळतं. हा हिशेब मी पूर्वी वहीत करायचे आणि तो मे संपल्यावरच पुरा व्हायचा. तेव्हा कळून काही उपयोग नसायचा. आता माल कुठे पाठवायचा ते हंगाम चालू असतानाच ठरवता येतं. एवढ्या एका कारणासाठी पैसे वसूल झाले असं मी मेअखेरीस सगळ्यांना सांगत होते.

पुतण्या चिपळूणला इंजिनिअरिंगला आहे. त्याचं ठाम मत, 'काकू, टॅब तो टॅब, लॅपटॉप तो लॅपटॉप. दोन्ही एकात घालायला गेलं की दोन्ही बिघडतात.' त्याच्या म्हणण्याला आधार आहे, हे मान्य करते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ आणलं तेव्हा बोटाने दाबायच्या मोठ्या चौकटी कॉम्प्युटरवाल्यांच्या माथी मारल्या आणि स्टार्टचं बटणच काढून टाकलं. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. अॅपल उलट्या दिशेने आलं. २०१० चा पहिला आयपॅड म्हणजे एका वेळी एक अॅप, बाकी काही नाही. मग २०२० मध्ये माउस आणि ट्रॅकपॅडची नीट सोय आली, २०२२ मध्ये एकावर एक ठेवता येणाऱ्या विंडो आल्या, आणि २०२५ मध्ये वर चक्क मेनूची पट्टीही आली. सॅमसंगने २०१७ मध्ये फोनसाठी डेक्स, म्हणजे त्यांचा डेस्कटॉप मोड, काढलं आणि पुढच्या वर्षी ते टॅबच्या स्क्रीनवरच दिलं.

पुतण्या यातून म्हणतो की कंपन्यांना काय हवंय ते कंपन्यांनाच कळत नाही. मला यात वेगळं दिसतं. आयपॅडला विंडो यायला बारा वर्षं लागली, पण आल्या. लोकांना कामासाठी त्या लागत होत्या म्हणून आल्या. ज्याच्या घरी लॅपटॉप, फोन, टॅब असं सगळं आहे त्याला टॅब साधाच बरा. ज्याच्या घरी एकच मशीन आहे त्याचं काय? आमच्यासारखी घरं कोकणात गावोगाव आहेत.

आता पावसाळ्याकडे वळते. जूनच्या मध्यापासून वर सांगितलेला घोळ सुरू झाला. सुरुवातीला आठवड्यातून एखाद्या वेळी, मग रोज, मग दर पाच मिनिटांनी. कव्हर काढून भिंगातून पाहिलं तर तीनपैकी एका टिकलीच्या कडेला हिरवट थर चढलेला, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर येतो तसला. बाकीच्या दोन बऱ्या होत्या.

घाटावरच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला कुरिअर केलं. पंधरवड्याने फोन आला.

'मॅडम, लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही.'

'पाणी सांडलेलंच नाही हो. आत उघडून बघितलंत का? टॅबला काही झालेलं नाही, नुसती टिकली हिरवी झालीय.'

'म्हणजे दमट हवेने झालंय. ते पण लिक्विडमध्येच धरतात. नवीन कव्हर घ्यावं लागेल.'

किनाऱ्यावरच्या दुकानात वस्तू विकायची आणि किनाऱ्यावरची हवा वॉरंटीतून वगळायची, हे मला पटलेलं नाही. तसं लेखी कळवलं आहे. कव्हर आहे तसंच परत आलं, जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून.

खरी माहिती मिळाली ती दापोलीच्या बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादाकडून. तो म्हणाला, 'वहिनी, ही जी टिकली हिरवी झालीय ना, हिच्यातून कीबोर्डला करंट जातो. हवेतलं मीठ ओलं होऊन वर बसतं, त्यात करंट, मग तीच आधी खाल्ली जाते.' घरी मी खोडरबरने घासायच्या बेतात होते, तर त्याने थांबवलं. वरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, खोडरबरने तोच निघतो आणि खालचा धातू उघडा पडून आणखी लवकर जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून हलक्या हाताने पुसायचं, टॅब बंद करून, आणि वाळल्यावरच कव्हर लावायचं. तसं केल्यावर चार-पाच दिवस नीट चालायचं. मग आकाश भरलं की पुन्हा तेच.

श्रावणात मी या रिव्ह्यूचा कच्चा मजकूर लिहिला होता, तो आज पुन्हा वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं: टॅबमध्ये डेस्कटॉप मोड देऊच नये. त्याला आणखी एक कारण होतं, आमचे अप्पा. सासरे, वय ऐंशीच्या पुढे. सकाळी टॅबवर पेपर वाचतात, पंचांग बघतात, नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात. साध्या स्क्रीनवर त्यांचं सगळं छान चालतं. कव्हर अर्धवट चिकटलं की त्यांच्यासमोर एकदम बारीक आयकॉन आणि तळाशी पट्टी. ते चष्मा पुसतात, मग मला हाक मारतात. विंडो बंद करायची फुली इतकी लहान की त्यांच्या थरथरत्या बोटाला ती सापडत नाही, भलतंच काहीतरी दाबलं जातं. एकदा मुलीचा कॉल चालू असताना स्क्रीन बदलला आणि कॉल कुठल्या विंडोत गेला तेच त्यांना कळेना. त्या दिवशी माझं मत पक्कं झालं होतं.

ते बदललं गणपतीच्या सुमारास. गर्दीच्या दिवसांत बुकिंगचं काम थांबवता येईना म्हणून अठराशे रुपयांचा ब्लूटूथ कीबोर्ड मागवला, टचपॅड असलेला. टॅब ठेवला देवघरातल्या पोथीच्या लाकडी स्टँडवर. वरून खाली बोट ओढलं की जी बटणं येतात त्यांत डेस्कटॉपचं एक बटण आहे, ते दाबलं. मोड सुरू झाला आणि सुरूच राहिला. ब्लूटूथ मध्ये तुटलं तरी विंडो जागच्या जागी. कीबोर्डची बॅटरी संपली तरी तसंच. टिकल्यांचा संबंधच उरला नाही. अप्पांना टॅब द्यायचा तर तेच बटण पुन्हा दाबायचं, त्यांचा साधा स्क्रीन हजर. दोन दिवसांत ते बटण त्यांनाही सापडलं. आता स्क्रीन बदललेला दिसला तर ते स्वतःच दाबतात.

म्हणजे डेस्कटॉप मोडमध्ये खोट नव्हती. खोट होती ती टॅबने स्वतःच्या मनाने मोड बदलण्यात. सेटिंगमध्ये 'कीबोर्ड लावला की आपोआप डेस्कटॉप' हे बंद करता येतं, नंतर मी ते केलंही. पण 'कीबोर्ड निघाला की आपोआप साधा' हे बंद करायची सोयच दिलेली नाही. लावण्याबद्दल विचारतात, काढण्याबद्दल विचारत नाहीत. आणि नुकसान तर काढतानाच होतं, कारण विंडो तेव्हा मिटतात. ही सोय करणं काही अवघड नाही. २०१५ च्या विंडोज १० मध्ये टॅबलेट मोड होता, त्यात तीन पर्याय होते: न विचारता बदल, दर वेळी विचार, आणि विचारूही नको नि बदलूही नको. हा तिसरा पर्याय मला हवा आहे. पुतण्याला हे दाखवलं तेव्हा तोही म्हणाला की एवढं केलं तर हरकत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. बॅटरी उत्तम, वीज गेली तरी दिवसभराचं काम निघतं. होमस्टेच्या हॉलमधला टीव्ही जोडून मोठ्या स्क्रीनवर तक्ता बघावा म्हटलं, तर या टॅबच्या यूएसबी-सी मधून चित्र बाहेर जातच नाही. भोक तेच, आकार तोच, पण आतली सोय प्रत्येक टॅबमध्ये नसते. घेण्याआधी 'डिस्प्लेपोर्ट आउट' आहे का ते कागदावर बघा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी सोय बाहेरच्या कीबोर्डवर माझ्याकडे चालत नाही, त्यामुळे मराठी मजकूर मी बोलून लिहिते. हंगामाच्या घाईत पाहुण्यांसमोर बसून पत्ते बोलणं अवघड जातं. हे सुधारायला हवं. सरकारी पोर्टलवरचे लांबलचक फॉर्म मात्र डेस्कटॉप मोडमध्ये नीट उघडतात, फाइल जोडता येते. त्यासाठी पूर्वी दापोलीत सायबर कॅफेला जावं लागायचं. तो खर्च आणि एसटीचं तिकीट दोन्ही वाचलं.

कंपनीला मेल केला आहे, कव्हर हलवल्यावर विंडो कशा मिटतात त्याचा व्हिडिओ जोडून. 'सूचना संबंधित विभागाकडे पाठवली' असं उत्तर आलं. दिवाळीनंतर एक अपडेट आला, त्यात काही बदललेलं नाही. पुन्हा मेल केला आहे आणि करत राहीन. कलमांना मोहोर धरायला लागला आहे, जुनी गिऱ्हाइकं फेब्रुवारीपासून पेट्या सांगायला सुरुवात करतात.

किनाऱ्यावर राहत असाल तर टॅब घ्या, डेस्कटॉप मोड असलेलाच घ्या, पण टिकल्यांचं कव्हर घेऊ नका, ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. कव्हर घ्यायचंच असेल तर दुकानातच डेस्कटॉप मोड सुरू करा, तीन विंडो उघडा, एकीत काहीतरी टाइप करा आणि मध्येच कव्हर उपटून बघा. टाइप केलेलं जागेवर राहिलं तरच पैसे द्या.